विकत घेतलेल्या चित्रपटाचा धनी कोण?

माल कोणता, किती आणि कोणत्या अटीवर दिला हे विकणाऱ्याने स्पष्ट सांगावे, घेणाऱ्याने मोल चुकते करावे आणि त्यानंतर तो माल निःशंकपणे वापरावा, हा व्यापाराचा पहिला नियम होय. कापड, किराणा, भांडी, सोनेचांदी अथवा यंत्रांचे सुटे भाग, कोणताही व्यवहार घ्या. सिल्वासाच्या बाजारपेठेत या नियमावाचून कोणाचीही पत टिकणार नाही. एका मालाच्या बाबतीत मात्र हा नियम सर्रास मोडला जातो आणि आपण ते मुकाट्याने सोसतो. तो माल म्हणजे घरी पाहण्यासाठी विकत घेतलेला चित्रपट. विषय वरवर करमणुकीचा वाटला, तरी त्याच्या मुळाशी मालकीचा प्रश्न आहे, म्हणून स्मरणिकेच्या वाचकांपुढे तो मांडणे अप्रस्तुत होणार नाही.

आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात चित्रपटांचा संग्रह आहे. प्रथम व्हिडिओ कॅसेटी आल्या, मागाहून व्हीसीडी आणि त्यानंतर डीव्हीडी. २००७ च्या सुमारास मोझर बेअर या कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना व डीव्हीडी ३४ रुपयांना विकण्यास आरंभ केला, तेव्हा सामान्य गृहस्थालाही अस्सल प्रत विकत घेणे सहज परवडू लागले. दादरा-नगर हवेलीच्या १९५४ च्या मुक्तिसंग्रामात भाग घेणारे सुधीर फडके यांचे संगीत लाभलेला ‘जगाच्या पाठीवर’ (१९६०) यासारखा चित्रपट येथील मराठी कुटुंबाने आपुलकीने जपून ठेवावा, यात नवल ते काय?

परंतु जपून ठेवावा कसा? येथील पावसाळ्याची ओल चार-चार महिने भिंतींतून जात नाही. कॅसेटीच्या फितीला बुरशी धरते; तबकडीवर मुलांच्या हातून ओरखडे पडतात. शिवाय ती लावण्याची यंत्रेच आता दुर्मिळ होऊ लागली आहेत. व्हिडिओ कॅसेटचे यंत्र बनविणारी जपानची फुनाई ही शेवटची मोठी कंपनी. तिने २०१६ साली ते उत्पादन थांबविले. नव्या संगणकांतून तबकडी घालण्याची खाच बहुधा नाहीशी झाली आहे. मोझर बेअर कंपनीही २०१८ साली अवसायनात गेली. विकणाराच उरला नाही, तर बदली प्रत मागावी कोणाकडे? अशा स्थितीत, आपल्याच पैशाने घेतलेल्या चित्रपटाची एक नक्कल घरातील संगणकावर करून ठेवावी, असे कोणाही संसारी माणसाच्या मनात येईल. येथेच कुलूप आडवे येते.

हे कुलूप डोळ्यांना दिसत नाही. व्हिडिओ कॅसेटींत मॅक्रोव्हिजन नावाची युक्ती असे. तीमुळे दुसऱ्या कॅसेटवर उतरविलेले चित्र कधी अंधारे, कधी भगभगीत होई. डीव्हीडीतील चित्रे ‘सीएसएस’ या सांकेतिक पद्धतीने बंदिस्त केली जातात आणि किल्ली केवळ परवानाधारक यंत्राजवळ असते. त्यावर आणखी एक बंधन ‘रीजन कोड’चे. डीव्हीडीसाठी साऱ्या जगाचे विभाग पाडले; त्यात भारत पाचव्या विभागात आणि अमेरिका पहिल्या. अमेरिकेतील मुलीने आईवडिलांसाठी रीतसर खरेदी केलेली तबकडी सिल्वासातील यंत्र नाकारते. यात चोरी कोणी केली? कोणीच नाही, तरीही ग्राहकाला बंदी आहेच.

यावर निर्मात्यांचे म्हणणे असे की, नकलेला मोकळीक दिली तर चोरट्या प्रतींचा सुळसुळाट होईल. ही भीती सर्वस्वी खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. चोरट्या प्रतीने कलावंताचा, निर्मात्याचा आणि प्रामाणिक दुकानदाराचाही घास हिरावला जातो. बनावट माल विकणाऱ्याची बाजू कोणताही सचोटीचा व्यापारी घेणार नाही. परंतु कुलपाचा जाच नेमका कोणाला होतो, हे पाहिले पाहिजे. चोरटी प्रत विकत घेणाऱ्यापर्यंत कुलूप पोहोचतच नाही, कारण ते आधीच फोडलेले असते. कुलपाशी गाठ पडते ती पूर्ण दाम मोजणाऱ्याची. प्रामाणिक गिऱ्हाईक अडावे आणि अप्रामाणिक मोकळा सुटावा, असा बंदोबस्त कोणता शहाणा दुकानदार आपल्या पेढीवर करील?

कायद्याची स्थितीही ग्राहकाच्या हिताची असून नसल्यासारखी आहे. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यातील ५२ व्या कलमाने खाजगी व वैयक्तिक उपयोगासाठी केलेल्या रास्त वापरास मुभा दिली असून, २०१२ च्या दुरुस्तीनंतर चित्रपटही तीत येतात. त्याच दुरुस्तीने आलेले ६५-क कलम कुलूप तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दंड सांगते. मात्र स्वामित्वहक्काचा भंग करण्याचा उद्देश असेल तरच. म्हणजे स्वतःपुरती नक्कल करणारा गृहस्थ गुन्हेगार ठरू नये, असा कायद्याचा रोख दिसतो. परंतु एका जपणुकीच्या प्रतीला ‘रास्त वापर’ म्हणावे काय, हे स्पष्ट शब्दांत लिहिलेले नाही. कुलूप काढण्यास दुसऱ्याला साह्य करणाऱ्याने त्याचे नाव, पत्ता व प्रयोजन यांची संपूर्ण नोंद ठेवावी, असेही बंधन आहे. मग गावातील व्हिडिओचा दुकानदार या फंदात कशाला पडेल?

विशेष हे की, संगणकाच्या प्रणालीसाठी त्याच ५२ व्या कलमात निराळी तरतूद आहे. प्रणाली कायदेशीरपणे बाळगणाऱ्याने हानी, नाश वा बिघाड यांपासून तात्पुरते संरक्षण म्हणून तिची राखीव प्रत करावी, असे तेथे स्वच्छ म्हटले आहे. हिशेबाच्या प्रणालीला जो न्याय, तो चित्रपटाला का नसावा?

नक्कल म्हणजे चोरी, हे समीकरण आपल्या परंपरेलाही मान्य नाही. धवला व जयधवला या ग्रंथांच्या ताडपत्रावरील प्रती शतकानुशतके मूडबिद्रीच्या भांडारात होत्या. लोकांना त्यांचे केवळ दर्शन घडे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नकला करण्यास आरंभ झाला, म्हणूनच १९३९ पासून अमरावतीहून डॉ. हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली धवला मुद्रित होऊन अभ्यासकांच्या हाती येऊ शकली. उलट, १९३१ च्या ‘आलम आरा’ या आपल्या पहिल्या बोलपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. एका प्रतीची वस्तू केव्हा नष्ट होईल, याचा भरवसा नसतो.

अन्य देशांतही या प्रश्नावर पुष्कळ खल झाला आहे. नॉर्वेतील जॉन लेक योहानसेन या मुलाचा १९९९ साली डीव्हीडीचे कुलूप उघडणारी प्रणाली तयार करण्यात भाग होता. त्याच्यावर खटला झाला. परंतु विकत घेतलेली तबकडी पाहण्याचा अधिकार मान्य होऊन २००३ साली तो निर्दोष सुटला. जर्मनीने १९६५ सालीच खाजगी नकलेला मुभा देऊन, ध्वनिमुद्रणाच्या यंत्रांवर आकारणी बसवून कलावंतांना मोबदला दिला. पुढे २००३ साली मात्र तेथेही कुलूप तोडण्यास मनाई झाली. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून, इंटरनेटवरून दिलेला चित्रपट हा केवळ पाहण्याचा परवाना असेल, तर तसे स्पष्ट न सांगता त्याला ‘खरेदी’ म्हणण्यास विक्रेत्याला बंदी आहे. हा शेवटचा दाखला आपणास अधिक जवळचा वाटावा, कारण त्यात व्यापाऱ्याने शब्दाला जागावे एवढीच अपेक्षा आहे.

आमचे मागणे तीन गोष्टींचे आहे. पहिली, अस्सल प्रतीच्या मालकास घरगुती उपयोगासाठी एक राखीव प्रत करण्याचा अधिकार ५२ व्या कलमात स्पष्ट शब्दांत लिहावा. मूळ प्रत विकली वा दिली, तर राखीव प्रत नष्ट करण्याचे बंधनही त्यासोबत असावे. दुसरी, वेष्टनावर जशी किंमत छापतात, तशीच नक्कल होते की नाही आणि कोणत्या विभागातील यंत्रावर चालते, ही माहिती ठळक अक्षरांत छापावी. तिसरी, निर्मात्याला कुलूप ठेवायचेच असेल, तर खराब झालेली तबकडी परत घेऊन केवळ तबकडीच्या खर्चात बदली प्रत देण्याची हमी त्याने द्यावी. यात निर्मात्याचा एक पैसाही बुडत नाही.

चोरट्या प्रती बाजारात विकणाऱ्यास ६३ व्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कारावास आहे. त्याची कडक अंमलबजावणी व्हावी, यासाठी व्यापारी वर्गाने अवश्य साह्य करावे. तसे साह्य करणाऱ्यालाच दुसरी बाजू मांडण्याचा नैतिक अधिकार पोहोचतो. आपल्या सभासद बंधूंनी अस्सल तेच घ्यावे व अस्सल तेच विकावे. परंतु ज्या वस्तूचे पुरते मोल मोजले, ती जपण्याचा हक्कही तितक्याच निर्धाराने मागावा. मोल घेऊन वस्तूची किल्ली आपल्याजवळ ठेवणाऱ्याने त्या व्यवहारास विक्री म्हणू नये. भाडे म्हणावे, आणि भाड्याइतकेच दाम घ्यावे.