ससूनच्या दारात जात विचारत नाहीत

'आमच्या बिल्डरांनी समाजासाठी खूप केलं' हे वाक्य मी नांदेड-लातूरच्या जलशांत इतक्यांदा ऐकलं आहे की आता त्याचा हिशोब मागावासा वाटतो. काय केलं? मशिदीला संगमरवर, नमाजाच्या हॉलमध्ये एसी, रमजानमध्ये इफ्तार, निवडणुकीआधी कब्रस्तानची भिंत. प्रत्येकावर नावाची पाटी. हे वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण एवढ्यावर 'दानशूर' ही पदवी वाटायची असेल, तर पुणे स्टेशनजवळच्या एका दवाखान्याची आठवण करून द्यावी लागेल.

ससून हे नाव मराठवाड्यातल्या गोरगरिबालाही माहीत आहे. ते ज्याचं, तो डेव्हिड ससून बगदादचा यहुदी. जन्म 1792चा. तिथल्या दाऊद पाशाच्या जाचाला कंटाळून तो बुशहरमार्गे 1832च्या सुमारास मुंबईत आला. अंगावर अरबी पेहराव, तोंडात अरबी भाषा, इंग्रजीशी फारसा संबंध नाही. आजच्या भाषेत सांगायचं तर पक्का 'बाहेरचा'. व्यापारात बरकत आली. मुंबईत भायखळ्याला हवेली झाली, पुण्यात बंगला झाला. त्याचा मुलगा अब्दुल्ला, ज्याला जग अल्बर्ट म्हणून ओळखतं, त्याने कुलाब्याला समुद्रात भर घालून गोदी उभी केली. 1875मधली ती ससून गोदी आजही मासळीच्या लिलावाने पहाटे जागी होते.

आता त्यांच्या दानाकडे पाहा. आपल्या धर्मासाठी त्यांनी केलंच. भायखळ्याचं सिनेगॉग आहे, पुण्याचं 'लाल देऊळ' आहे. डेव्हिडची कबरही तिथेच आहे. पण त्याच हाताने त्याने पुण्यात सर्वांसाठी दवाखान्याला पैसा दिला. 1864मध्ये तो गेला, इमारत 1867ला पुरी झाली. त्या दारात यहुदी किती आले असतील? मूठभर. आले ते मराठे, महार, मुसलमान, मातंग, ब्राह्मण. दीडशे वर्षं झाली, रांग तुटलेली नाही. सदका-ए-जारिया म्हणतात ते याला.

लगेच कोणी म्हणेल, ससूनचा पैसा तर अफूचा होता. होता. माळव्याची अफू मुंबईतून चीनला जायची आणि त्या व्यापारात हे घराणं मोठं झालं. दवाखाना बांधला म्हणून ते पाप धुतलं गेलं, असं मी मानत नाही. दान म्हणजे साबण नव्हे. पण हा आक्षेप आपल्या मंडळींच्या तोंडी शोभत नाही. शेतजमिनीचे बेकायदा तुकडे पाडून, रस्ता-नाली न देता गरिबाला प्लॉट विकायचा, वक्फच्या जागेवर डोळा ठेवायचा आणि मग मशिदीला झुंबर द्यायचं, हा कोणता साबण? ससूनने निदान परक्यांसाठी काही मागे ठेवलं.

परक्यांचं सोडा, आपण आपल्यांसाठी तरी काय ठेवलं? माझी भाची अहमदपूरची. दहावीला चांगले गुण मिळाले म्हणून 'लातूर पॅटर्न'च्या ओढीने लातूरला आली. ट्यूशनच्या परिसरात आम्ही खोली शोधत फिरलो. एका घरमालकाने नाव ऐकलं आणि 'खोली कालच गेली' म्हणाला. त्याचा राग आला. मग आपल्याच एका माणसाच्या नव्या इमारतीत गेलो. तिथे डिपॉझिट दुप्पट आणि वर 'एकट्या मुलींना आम्ही देत नाही'. पोरगी रोज एसटीने ये-जा करू लागली. दिवाळीनंतर तिने ट्यूशन सोडली. पहिल्या मालकाविरुद्ध मी दहा भाषणं ऐकली आहेत. दुसऱ्याविरुद्ध एकही नाही.

आपल्याला 'बाहेरचे' म्हणणाऱ्यांनाही एक सांगायचं आहे. नांदेडचा हुजूर साहिब गुरुद्वारा 1832 ते 1837 या काळात महाराजा रणजितसिंगांनी बांधवला. त्यासाठी पंजाबातून माणसं आली, इथेच राहिली, दखनी झाली. तिथल्या लंगरमध्ये आजही कोणाचं नाव विचारत नाहीत, ताट वाढतात. नांदेडला ते परके वाटतात का? मातीचा हक्क सातबाऱ्यावर नोंदतात, पण माणूस गावचा होतो तो अशा ताटाने आणि अशा दवाखान्याने.

म्हणून माझं मागणं साधं आहे. ज्यांनी देगलूर नाक्यापासून औसा रोडपर्यंत जमिनीत कमावलं, त्यांनी मिळून दोन वसतिगृहं बांधावीत. एक नांदेडला, एक लातूरला, दोन्ही मुलींसाठी. दार सर्व जातिधर्मांच्या मुलींना उघडं हवं, कारण खोली नाकारल्याचं दुःख आपल्याला माहीत आहे. रीतसर ट्रस्ट नोंदवा, दरवर्षी हिशोब भिंतीवर लावा. जकातीचा पैसा तिच्या हकदारांनाच जाऊ द्या, विटांसाठी नफ्यातून काढा.

आणि हो, नावाची पाटी लावा. हवी तेवढी मोठी लावा. ससूनचीही आहेच. फक्त तिच्याखालून रोज कोणीतरी आत जायला हवं.