सिकलसेलचे कार्ड आणि गरोदर स्त्री

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे पंतप्रधानांनी सिकलसेल निर्मूलनाच्या राष्ट्रीय मोहिमेला प्रारंभ केला. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत रोगाचे उच्चाटन, असा तिचा संकल्प आहे. गडचिरोली-नंदुरबारच्या आदिवासींना आणि विदर्भातील दलित वस्त्यांना पिढ्यानपिढ्या पोखरणाऱ्या या रोगाची दिल्लीने एवढी दखल घेतली, हे बरेच झाले.

परंतु मोहिमेचा सारा भर तपासणीवर व कार्ड जुळवून विवाह करण्याच्या उपदेशावर आहे. स्त्रीपुरुष दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रोगग्रस्त होण्याचा संभव चारांत एक असतो. हे शास्त्र गावोगाव सांगितलेच पाहिजे. मात्र पुरुषप्रधान समाजात मुलाचे कार्ड खिशात राहते आणि मुलीचे चव्हाट्यावर येते, याचा विचार योजनाकारांनी केलेला दिसत नाही.

आणि जी रोगी स्त्री आजच गरोदर आहे, तिचे काय? या काळात वेदनांचे झटके वाढतात, पंडुरोग बळावतो, रक्तदाबाचा धोका वाढतो, मूल कमी वजनाचे जन्मण्याची भीती असते. एरव्ही झटके आवरणारे हायड्रॉक्सियुरिया हे औषध नेमके याच वेळी सहसा बंद करावे लागते. फॉलिक ॲसिड तिला रोज हवे. लोहाच्या गोळ्या मात्र सरसकट देणे योग्य नव्हे, कारण वारंवार रक्त चढवलेल्या शरीरात लोह आधीच साठलेले असू शकते. सर्व गरोदर स्त्रियांना एकाच मापाने मोजणाऱ्या यंत्रणेला हा भेद कोण शिकवणार? शिवाय वेळेवर रक्त मिळाले नाही तर सारे ज्ञान व्यर्थ. २०२४ च्या पावसाळ्यातही पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा संपर्क तुटला. अशा दिवशी जिल्ह्याच्या रक्तपेढीतील साठा पलीकडच्या स्त्रीच्या काय कामाचा?

जन्मणाऱ्या बालकाचीही हीच कथा. टाचेतील रक्ताच्या थेंबावरून निदान होते. पेनिसिलिन व न्यूमोकोकल लस वेळेवर मिळाल्यास अनेक बालके वाचतात. हे उपचार महागडे नाहीत.

तेव्हा आदिवासी भागातील कार्यकर्त्यांनी वाटलेल्या कार्डांच्या आकड्यांवर समाधान मानू नये. पावसाळ्यापूर्वी तालुक्याच्या रुग्णालयात रक्तसाठ्याची सोय आहे काय, रोगी गरोदर स्त्रियांची वेगळी नोंद ठेवली जाते काय आणि नवजात बालकांची तपासणी होते काय, याचा जाब आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी विचारावा.