मिशनच्या शाळेतला डिसेंबर

डिसेंबर लागला की मिशनच्या प्राथमिक शाळांत पाढ्यांपेक्षा नाताळच्या गाण्यांचा आवाज चढतो. बांबूच्या कामट्यांवर पतंगी कागद चिकटवून चांदणी तयार होते आणि निम्मी खळ गणवेशाला लागते. मरियेचे काम कोणाला, यावरून रुसवेफुगवे ठरलेले. मेंढपाळांसाठी घोंगड्या मात्र ज्या घरांतून येतात, तिथे नाताळ असतोच असे नाही.

ही सरमिसळ जुनीच. 1827 साली मुंबईत आलेल्या मिशनरी सिंथिया फरार पुढे अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) मुलींच्या शाळा चालवू लागल्या. तिथली शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली, आणि 1848 मध्ये पुण्यात त्यांनी स्वतःची काढली.

मिशनचा हेतू धर्मप्रसाराचाही होता. ते झाकण्यात अर्थ नाही. 1839 मध्ये मुंबईत दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा मिशनरी डॉ. विल्सन यांच्या शाळेतून पालकांनी धडाधड मुले काढून घेतली.

आज पालक मुले काढतात ती इंग्रजी माध्यमासाठी. मराठी माध्यमाच्या मिशन शाळांतले शिक्षक मे महिन्यात पटासाठी दारोदार फिरतात. अशा शाळांची खबरबात या अंकात आहे, स्नेहसंमेलनांच्या फोटोंसकट.