दीक्षा विद्यार्थ्यांना, सुटका सरकारची

महाविद्यालयात नव्याने दाखल होणाऱ्या विद्यार्थ्याचे मन रमावे, त्याला संस्था आपली वाटावी, या हेतूने विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ साली ‘दीक्षारंभ’ नावाची मार्गदर्शिका काढली. हेतूविषयी तक्रार नाही. अध्यापकाने विद्यार्थ्याला नावाने ओळखावे, लहान गटांना एकेक मार्गदर्शक लाभावा, हे कोण नाकारील? तक्रार आहे ती मागच्या गृहीताविषयी. विद्यार्थी मागे पडतो तो त्याच्यातच काही उणे असल्यामुळे. आत्मविश्वास, वेळेचे नियोजन, संभाषणकौशल्य एवढे त्याच्यात भरले की काम झाले, असे हे गृहीत आहे.

धाराशिव जिल्ह्यातील जळकोटला जाऊन ते तपासून पाहावे. तुळजापूर तालुक्यातील हे गाव सोलापूर-हैदराबाद महामार्गावर आहे. येथील शेतकऱ्या-शेतमजुरांची मुले पदवीसाठी नळदुर्ग, तुळजापूर, उमरगा, नाहीतर थेट सोलापूर गाठतात. ग्रामीण भागातील मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेखाली एस.टी.चा मोफत पास मिळतो, पण तो पाचवी ते बारावीपर्यंत. म्हणजे ज्या वर्षी मुलगी महाविद्यालयात नाव घालते, नेमक्या त्याच वर्षी शासन तिच्या प्रवासातून अंग काढून घेते. पुढे सवलतीचा पास असतो. पण सवलतीचे म्हणून उरलेले पैसे दरमहा रोख मोजावेच लागतात. शहरातल्या वाचकाला ती रक्कम किरकोळ वाटेल. ज्या घरात तीन मुले शिकत आहेत आणि पहिली पेरणी पावसाने दगा दिल्यामुळे वाया गेली आहे, तेथे कोणाचे शिक्षण आधी थांबते हे सांगावयास नको. त्या मुलीला सभागृहात बसवून ‘मोठी स्वप्ने पाहा’ असे सांगणे हा उपदेश नव्हे, चेष्टा आहे.

आणि मार्गदर्शक तरी कोण? वर्षानुवर्षे रिक्त जागा न भरता महाविद्यालये तासिका तत्त्वावरील अध्यापकांच्या खांद्यावर चालवली जात आहेत. ज्याचे मानधन महिनोन्‌महिने थकते, पुढच्या सत्रात आपण येथे असू की नाही हे ज्याला ठाऊक नाही, त्याने विद्यार्थ्यांना भविष्याचे नियोजन शिकवावयाचे!

या अभ्यासक्रमांचे एक मूळ अमेरिकेत सापडते, आणि ते मोठे उद्बोधक आहे. १९७० च्या मे महिन्यात व्हिएतनाम युद्धाविरुद्ध तेथील विद्यापीठे पेटली. साउथ कॅरोलिना विद्यापीठाचे विद्यार्थी प्रशासकीय इमारतीत घुसले आणि अध्यक्ष टॉमस जोन्स कार्यालयात अडकून पडले. त्याच जोन्स यांच्या पुढाकाराने १९७२ साली प्रथम वर्षासाठी ‘युनिव्हर्सिटी १०१’ हा अभ्यासक्रम सुरू झाला. विद्यार्थ्यांना विद्यापीठाविषयी प्रेम वाटावे हा त्याचा एक हेतू होता. युद्धाचा प्रश्न युद्धाच्या जागी राहिला; दुरुस्त करावयाचा ठरला तो विद्यार्थी.

पण त्याच अमेरिकेत दुसराही धडा आहे, आणि आपल्या धोरणकर्त्यांना तो दिसत नाही. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २००७ साली एक योजना हाती घेतली. तीत अभ्यासकौशल्याचा वर्ग होताच. शिवाय शुल्कातील तूट भरून दिली गेली, पाठ्यपुस्तकांचा खर्च उचलला गेला, रेल्वे-बसचा पास दिला गेला आणि मोजकेच विद्यार्थी सांभाळणारे सल्लागार नेमले गेले. अल्प उत्पन्न गटातील विद्यार्थ्यांमधून चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करून तुलना केली, तेव्हा तीन वर्षांत पदवी मिळवणाऱ्यांचे प्रमाण योजनेत शेकडा ४० आणि योजनेबाहेर शेकडा २२ निघाले. ही पदवी तेथील दोन वर्षांच्या महाविद्यालयाची. तरीही फरक दुपटीच्या जवळ जातो.

महाराष्ट्राला हे न्यूयॉर्ककडून शिकण्याची गरज नव्हती. शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात वसतिगृह काढले. भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग उभे केले. खेड्यातल्या पोराला आधी पथारी आणि भाकरी, मग बोध, हा क्रम त्यांनी ओळखला होता. आजचा क्रम उलटा आहे, आणि बोधापुढे काहीच नाही.

शिवाय २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने एका वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडण्याची मुभा ठेवली आहे. लवचीकतेच्या नावाखाली गळतीला अशी प्रतिष्ठा मिळाली. पासाचे पैसे नाहीत म्हणून घरी बसलेली जळकोटची मुलगी उद्या सरकारी तक्त्यात गळलेली दिसणार नाही. तिने ‘निर्गमन’ केले असे लिहिले जाईल.

दीक्षारंभ खुशाल व्हावा. पण बारावीला संपणारा मोफत पास पदवीपर्यंत चालू ठेवा, रिक्त पदे पूर्ण वेतनावर भरा, शिष्यवृत्तीची रक्कम परीक्षेनंतर नव्हे, पहिल्या सत्रातच हाती द्या. विद्यार्थी संघटनांनी या तीन मागण्या दीक्षारंभाच्या पहिल्याच दिवशी, व्यासपीठावरील पाहुण्यांसमोर मांडाव्यात.