विश्लेषण : नर्सिंगमधली नवी पदवी घेऊन धाराशिवला परतलेल्या सिस्टरला काय मिळेल?

रात्री अडीच वाजता अतिदक्षता विभागात एखाद्या रुग्णाचा ऑक्सिजन घसरायला लागला, तर खाटेजवळ सगळ्यात आधी पोहोचते ती सिस्टर. काय करायचं हे अनुभवी सिस्टरला बहुतेक वेळा कळतं. पण औषधाचा डोस बदलायचा तर डॉक्टरांचा आदेश लागतो. धाराशिवमधून गंभीर रुग्ण पुढे पाठवायचा म्हटलं तर सोलापूर साधारण ७० किलोमीटर. अशा ठिकाणी पहिला अर्धा तास फार मोलाचा असतो.

हा अर्धा तास सांभाळू शकेल अशी परिचारिका घडवणारी पदव्युत्तर पदवी भारतात आहे. तिची चर्चा मात्र फारशी होत नाही.

कोणती पदवी?

नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर, म्हणजे एनपीसीसी. भारतीय परिचर्या परिषदेने २०१६-१७च्या सुमारास हा दोन वर्षांचा निवासी अभ्यासक्रम आणला. बीएस्सी नर्सिंग आणि किमान एक वर्ष रुग्णसेवेचा अनुभव ही प्रवेशाची अट. यात वर्गातला अभ्यास सुमारे २० टक्के आणि प्रत्यक्ष रुग्णांजवळचं काम ८० टक्के. नेहमीचं एमएस्सी नर्सिंग केलेल्या अनेक जणी शेवटी कॉलेजात शिकवायला जातात. एनपीसीसीचा भर परिचारिकेला खाटेजवळच ठेवण्यावर आहे. रुग्ण तपासणं, चाचण्या सुचवणं, रुग्णालयाने आधीच ठरवून दिलेल्या नियमावलीनुसार उपचार सुरू करणं, हे सगळं तिने शिकायचं.

ही कल्पना मूळची अमेरिकेतली. १९६५ मध्ये लोरेटा फोर्ड या परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञांनी कोलोरॅडो विद्यापीठात पहिला नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम सुरू केला. आज तिथल्या निम्म्याहून जास्त राज्यांत नर्स प्रॅक्टिशनर डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय निदान करते, औषधही लिहून देते. भारतात तिला स्वतंत्रपणे औषध लिहिता येत नाही. जे काही करायचं ते रुग्णालयाच्या नियमावलीच्या चौकटीत.

मग घोडं कुठे अडतं?

सरकारी रुग्णालयातली शिडी ठरलेली आहे : अधिपरिचारिका, मग परिसेविका, पुढे अधिसेविका. या शिडीत नर्स प्रॅक्टिशनर नावाची पायरीच नाही. म्हणजे दोन वर्षं घालवून, फी भरून, घरापासून लांब राहून परतलेली मुलगी पुन्हा अधिपरिचारिकाच. अधिकार तेच, बढतीची रांगही तीच. राष्ट्रीय आरोग्य धोरणात २०१७ मध्येच, जिथे सर्वाधिक गरज आहे तिथे नर्स प्रॅक्टिशनरचा संवर्ग उभा करा, असं म्हटलं होतं. धाराशिव तर २०१८ पासून केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. यापेक्षा जास्त गरज आणखी कुठे असणार?

गंमत म्हणजे खाली, उपकेंद्राच्या पातळीवर, सरकारने नेमकं उलटं केलं. आयुष्मान भारत योजनेत समुदाय आरोग्य अधिकारी हे पद आलं. सहा महिन्यांच्या प्रशिक्षणानंतर बीएस्सी नर्सिंग झालेल्यांना आणि आयुर्वेद पदवीधरांना उपकेंद्राची जबाबदारी मिळते. रक्तदाब, मधुमेहाची तपासणी करायची, उपकेंद्रातली औषधं द्यायची, गरज पडली तर ई-संजीवनीवरून डॉक्टरांचा सल्ला घ्यायचा. भरतीच्या जाहिरातींत २५ हजार रुपये मानधन आणि कामगिरीनुसार १५ हजारांपर्यंत मोबदला होता. नोकरी कंत्राटी, पण पद आहे आणि कामही स्पष्ट आहे. मग कुणी पदव्युत्तर पदवीच्या वाटेला का जावं?

डॉक्टरांचा विरोध हाही मुद्दा आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यातल्या कलम ३२ ने मध्यम स्तरावरच्या आरोग्यसेवकांना मर्यादित परवान्याची तरतूद केली, तेव्हा डॉक्टर देशभर संपावर गेले होते. अर्धवट शिकलेल्यांच्या हाती रुग्ण जातील, ही त्यांची भीती. ती सरसकट खोटी म्हणता येत नाही. पण बीएस्सीची चार वर्षं, वॉर्डातला अनुभव आणि वर दोन वर्षांची निवासी पदवी घेतलेल्या परिचारिकेला 'अर्धवट' म्हणणं अवघड आहे.

शिवाय हा भाग अशा प्रयोगांना नवखा नाही. भूम तालुक्याला लागून असलेल्या जामखेडमध्ये रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून जेमतेम शिकलेल्या गावातल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून घडवलं. तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरमध्ये हॅलो मेडिकल फाउंडेशननेही तोच मार्ग धरला.

प्रवेश घ्यायचा विचार असेल तर?

कॉलेजला परिचर्या परिषदेची मान्यता नेमक्या एनपीसीसीसाठी आहे का, हे आधी पाहा. फक्त एमएस्सीची मान्यता पुरेशी नाही. संलग्न रुग्णालयात अतिदक्षता विभागाच्या खाटा किती, नर्स प्रॅक्टिशनरसाठी लेखी नियमावली आहे का, हेही विचारा. १९४७ चा जुना परिषद कायदा बदलण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसविका आयोग कायदा मंजूर केला आहे. पण जिल्हा रुग्णालयात पद निर्माण करणं आणि त्याचा पगार ठरवणं राज्य सरकारच्या हातात आहे.