फुंकर मारायची नाही, सोडायची!

मे महिन्यातली दुपार, बंद गाडी आणि डॅशबोर्डवर बाबांची जुनी बासरी. संध्याकाळी ऑफिसातून येऊन बघतो तर काय, बांबूला लांबलचक चीर! उन्हात बांबू सुकतो, आकसतो आणि तडकतो, हे ज्ञान मला तेव्हा झालं. शिकायचं म्हणून हौसेनं मागून आणली होती. बाबांना फोन करायला दोन दिवस लागले.

ते रागावले नाहीत. म्हणाले, "आता स्वतःची घे. पण मोठी नको."

मला अर्थातच मोठीच हवी होती! पन्नालाल घोषांनी (१९११-१९६०) मैफलीत रुजवली तशी, लांब, खर्जाची. दुकानात हातात घेतली आणि बोटं भोकांपर्यंत पोचेनात. मुकाट्यानं 'जी' स्केलची घेतली. तुम्हीही घ्याल तेव्हा बांबू सरळ आहे ना, कुठे चीर नाही ना, हे बघा आणि ट्यूनरवर प्रत्येक सूर तपासा.

पहिले आठ दिवस नुसती हवा. फुंकर मारायची नसते, ओठ सैल ठेवून अलगद सोडायची असते, हे कळलं आणि एका रात्री चक्क सा लागला.

आता वाजवून झालं की मऊ कापडानं आतला ओलावा पुसतो, अधूनमधून बदामतेलाचा हलका हात फिरवतो. एसीच्या झोतात ठेवत नाही. गाडीत तर नाहीच नाही.

गेल्या रविवारी बाबा माझी बासरी घेऊन गॅलरीत बसले. वीस वर्षांनी! बोटं अडखळत होती, पण सूर एकदम पक्का.