तलाव सर्वांचा, गाळ कोणाचा?

भंडारा हा तलावांचा जिल्हा. साकोलीच्या परिसरात तर गावामागे एखादा तलाव, निदान एखादी बोडी हटकून आढळते. गोंड राजवटीच्या काळात कोहळी समाजाने उतारावर मातीच्या पाळी घालून पावसाचे पाणी अडविले आणि त्यावर धान व ऊस पिकविला. साकोलीजवळचा, आज गोंदिया जिल्ह्यात असलेला नवेगाव बांध हे त्या कर्तृत्वाचे ठळक उदाहरण होय. पाण्यावर गावाचा निस्तार हक्क होता. त्याचबरोबर पाळीची डागडुजी करणे आणि साचलेला गाळ उपसून शेतात नेणे हे गावाचेच काम होते.

१९५० साली तेव्हाच्या मध्य प्रदेशात मालगुजारी रद्द करणारा कायदा झाला. भंडारा जिल्हा त्या वेळी त्याच राज्यात होता. मालगुजारीत वेठ होती, विषमता होती. तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. परंतु तलाव शासनाकडे गेले आणि 'पाणी आमचे, गाळ सरकारचा' ही वृत्ती रुजली. पाणी वापरण्याचा हक्क लोकांच्या लक्षात राहिला, पाळ राखण्याचे कर्तव्य मात्र विसरले गेले. परिणामी अनेक तलाव उथळ झाले.

संगणकाच्या जगात आज नेमका हाच प्रश्न उभा आहे. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने 'लिनक्स'चा गाभा जगासाठी खुला केला. प्रणाली वापरावी, तिची रचना अभ्यासावी, तीत बदल करावा आणि ती इतरांना द्यावी, असे चतुर्विध स्वातंत्र्य देणाऱ्या या मुक्तस्रोत चळवळीवर आजचे बहुतांश आंतरजाल उभे आहे. अँड्रॉइड भ्रमणध्वनीच्या तळाशीही लिनक्सच आहे. इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दात मुक्त आणि फुकट हे दोन्ही अर्थ सामावलेले असल्याने तेथे घोटाळा होतो. मराठीत हे दोन शब्द वेगळे आहेत. तरीही मराठी वापरकर्ता मुक्ताला फुकटच समजतो, हे आश्चर्य!

ग्राहक की भागीदार?

विकत घेतलेली वस्तू बिघडली तर विक्रेत्याला जाब विचारणे योग्यच. मुक्तस्रोत प्रणालीचा व्यवहार तसा नसतो. तिच्या परवान्यातच 'आहे तशी, कोणत्याही हमीविना' असे नमूद असते. ती लिहिणारा अनेकदा नोकरी सांभाळून, रात्री जागून हे काम करतो. तरीही 'चालत नाही, लगेच दुरुस्त करा' असे फर्मान त्याच्यावर सुटते. कोणती आवृत्ती, कोणती कृती केली, कोणती त्रुटी दिसली, यांचा त्यात उल्लेखही नसतो. एका प्रश्नासाठी मदत घेणारे शेकडो. पण उत्तर मिळाल्यावर तोच प्रश्न विचारणाऱ्या पुढच्या माणसाला मदत करणारे किती?

ही केवळ शिष्टाचाराची बाब नाही. माहिती आकुंचित करणारी 'एक्सझेड' नावाची छोटी प्रणाली असंख्य लिनक्स संगणकांत असते. ती लासे कोलिन हे फिनलंडमधील गृहस्थ अनेक वर्षे जवळजवळ एकट्याने, विनामोबदला सांभाळत होते. २०२२ साली त्यांच्यावर संथपणाबद्दल टीकेचा भडिमार झाला. हे छंदाचे, विनावेतन काम असून प्रकृतीही साथ देत नाही, असे त्यांनी सांगून पाहिले. अखेर मदतीला आलेल्या 'जिया टॅन' नावाच्या कोणा इसमाला त्यांनी अधिकार दिले. त्याच इसमाने २०२४ च्या आरंभी प्रणालीत गुप्त चोरवाट पेरली. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या संगणकावर प्रवेश घेताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा विलंब जाणवला, त्याने चिकाटीने शोध घेतला आणि मार्च २०२४ मध्ये ते कारस्थान उघडकीस आले. एका थकलेल्या माणसावर सोडलेली पाळ शत्रूने तेवढी नेमकी हेरली होती.

दोष एकाच बाजूचा नाही. 'सुधारणा हवी तर स्वतः लिहा' हे उत्तर अनेक जाणकार नवख्याच्या तोंडावर फेकतात. शिक्षक, कारकून वा शेतकरी प्रणाली लिहू शकत नाही, म्हणून तो ऐतखाऊ ठरत नाही. मदत कोठे मागावी, किती अपेक्षा ठेवावी आणि कोणते काम हातभारासाठी खुले आहे, हे स्पष्ट व सौजन्याने सांगणे ही प्रणाली राखणाऱ्यांची जबाबदारी आहे. दाराशी आलेल्याला हिणवणाऱ्या घरात उद्याचा कार्यकर्ता घडत नाही.

सर्वांत मोठा वाटा अर्थातच समर्थांनी उचलावयाचा आहे. २०१४ साली 'हार्टब्लीड' या त्रुटीने जग हादरले, तेव्हा कोट्यवधींचे व्यवहार सुरक्षित ठेवणाऱ्या 'ओपनएसएसएल' प्रकल्पाला वर्षाकाठी अवघ्या सुमारे २,००० डॉलरच्या देणग्या मिळत होत्या, हे उजेडात आले. भारत सरकारने २०१५ साली मुक्तस्रोत प्रणाली स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले. झेरोधा या भारतीय कंपनीने २०२४ साली अशा प्रकल्पांसाठी दरवर्षी १० लाख डॉलर देण्याचा संकल्प सोडला. ही दिशा योग्य आहे. मुक्त प्रणाली वापरून परवान्यांचा खर्च वाचविणाऱ्या प्रत्येक संस्थेने त्या बचतीचा काही अंश मुळाशी परत घालावयास हवा.

मराठीचा वाटा

सामान्य माणसाचे योगदान पैशाखेरीजही होऊ शकते. त्रुटी नेमकेपणाने कळविणे, मार्गदर्शिका मराठीत लिहिणे, पडद्यावरील चुकीची संज्ञा सुधारून देणे ही सारी कामे प्रणाली लिहिण्याइतकीच मोलाची आहेत. लिब्रेऑफिस व फायरफॉक्स शब्दतपासणीसाठी 'हनस्पेल' वापरतात. ते मुळात हंगेरियन भाषेसाठी रचले गेले. एक कोटीच्या आसपास लोकसंख्येच्या देशाने आपल्या भाषेची गरज भागविली आणि तिचा लाभ साऱ्या जगाला दिला. मराठीची शब्दसूचीही त्यात आहे. आणि ती साध्या मजकुराची फाइल असल्याने तीत भर घालण्यास संगणकशास्त्राची पदवी लागत नाही.

साकोली तर झाडीबोलीच्या चळवळीचे केंद्र. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी गावोगावचे शब्द वेचून झाडीबोलीचा शब्दकोश सिद्ध केला, तो कोणाच्या आज्ञेने नव्हे. उद्या संगणकाने बोलीतील एखाद्या शब्दाखाली लाल रेघ ओढली, तर रागावून भागणार नाही. त्या शब्दाचे योग्य रूप व अर्थ पारखून शब्दसूची राखणाऱ्यांकडे पाठविणे हे साकोलीच्या महाविद्यालयीन तरुणाला सहज जमण्याजोगे काम आहे. आठवड्याला दहा शब्द पाठविले, तरी वर्षाकाठी पाचशे होतात. एकदा स्वीकारलेला शब्द मुंबईपासून अमेरिकेपर्यंत, ती सुधारित शब्दसूची वापरणाऱ्या कोणाच्याही संगणकावर शुद्ध ठरतो. भाषा आपली आहे. तेव्हा तिच्यासाठी चार घमेली गाळ उपसण्यास दुसरे कोणी येईल, ही अपेक्षा तरी कोणाकडून करावयाची?